‘घरचे कागद’ उघडेना : घरगुती नेटवर्कवरील सामायिक फोल्डरच्या परवानग्यांचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यात माझ्या काकांचे दुमजली घर आहे आणि त्या घरात गेली काही वर्षे एक काम नेटाने चालू आहे. पणजोबांच्या काळापासूनची खरेदीखते, सातबाराचे उतारे, फेरफार, वाटणीपत्रे आणि मोडी लिपीतील पत्रव्यवहार काका तळमजल्यावर बसून स्कॅन करतात; वरच्या मजल्यावर वहिनी आपल्या लॅपटॉपवर त्याच प्रती उघडून प्रत्येक कागदाला नाव, तारीख आणि विषय देतात व सूची वाढवत नेतात. दोघांच्या कामाला जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे काकांच्या संगणकातील डी ड्राइव्हवरचा ‘घरचे कागद’ हा सामायिक फोल्डर. तो वहिनींना उघडेना झाला, तेव्हा काम दोन आठवडे थांबले आणि काकांनी मला बोलावून घेतले.

मागे काय घडले होते हे आधी सांगायला हवे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून दिवाळीनंतर काकांनी विंडोज ११ प्रो असलेला नवा संगणक घेतला. दुकानातील तंत्रज्ञाने जुन्या संगणकातील माहितीची डिस्क काढून नव्यात बसवली, नव्या संगणकाला जुन्याचेच नाव दिले आणि काका व वहिनी यांची खातीही जुन्याच नावांनी उघडून दिली. नावे तीच ठेवली म्हणजे सगळे पूर्ववत चालेल, असा त्यामागचा सद्हेतू होता. प्रत्यक्षात या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक गोंधळ त्या सारख्या नावांच्या आड दडलेला निघाला.

मी पोहोचलो तेव्हाची स्थिती अशी होती. वहिनींच्या लॅपटॉपवरून संगणकाच्या नावाने गेले तर वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येई. त्यांनी काकांचा पिनही टाकून पाहिला होता, त्याचाही उपयोग झाला नव्हता. काकांचा नातू अभियांत्रिकीला आहे. त्याने नावाऐवजी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील संगणकाचा अंकी पत्ता, वापरून आणि काकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड देऊन फोल्डर उघडून दाखवला होता, पण त्यात काही जतन करता येत नव्हते आणि ‘मृत्युपत्र’ व ‘बँक’ हे दोन उपफोल्डर मुळीच उघडत नव्हते. मग त्याने शेअरिंगच्या यादीत ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिला आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केले. तरीही फरक पडला नाही. काका स्वतः संगणकासमोर बसून सगळे वाचू शकत होते, मात्र नवीन पान त्या फोल्डरात टाकताना दर वेळी ॲडमिनिस्ट्रेटरची अनुमती मागितली जात होती. “भाऊजी, एकाच फोल्डरला माणसागणिक वेगळी वागणूक कशी मिळते?” असे वहिनींनी विचारले. प्रश्न अगदी नेमका होता, कारण परवानगी फोल्डर आणि व्यक्ती या दोन्हींवर मिळून ठरते आणि संगणकाला व्यक्ती कशी कळते, हाच इथला खरा मुद्दा होता.

काही बदलण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतली, आणि ‘आयकॅकल्स’ या परवानग्या पाहण्याच्या व बदलण्याच्या आज्ञेच्या ‘सेव्ह’ पर्यायाने सध्याच्या सर्व परवानग्यांची यादी एका फाइलमध्ये साठवली. परवानग्यांची दुरुस्ती करताना माणूस एका आज्ञेत हजारो फाइलींना हात लावतो. आधीची स्थिती लिहून न ठेवता असे काम करणे मला अयोग्य वाटते, आणि काकांचे कागद तर पुन्हा मिळण्यासारखे नव्हते.

पहिला प्रश्न पोहोचण्याचा होता आणि तो लवकर मिटला. विंडोजमधील फाइलींची देवाणघेवाण एसएमबी या पद्धतीने, टीसीपी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या ठरावीक क्रमांकाच्या दारातून, होते. वरच्या लॅपटॉपवर पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आज्ञेने तो पोर्ट तपासला, तो उघडा होता. नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असता तर फायरवॉलने वाट अडवली असती, परंतु नातवाने तो आधीच ‘प्रायव्हेट’ केलेला होता, आणि ती दुरुस्ती योग्यच होती. तसेही पासवर्ड चुकीचा असल्याचे उत्तर येते, त्याअर्थी समोरचा संगणक सापडलेला असतो. सापडलाच नसता तर त्रुटी ५३ आली असती. इथे १३२६ येत होती.

दुसरा प्रश्न ओळखीचा. नावाने गेल्यास लॅपटॉप काही विचारण्याआधीच नकार दाखवतो, आणि आयपी पत्त्याने गेल्यास मात्र नाव व पासवर्ड विचारतो, या फरकातच सूचना होती. विंडोज नाव आणि आयपी पत्ता यांना दोन वेगळे संगणक समजते आणि साठवलेली ओळखपत्रे ज्या नावाखाली साठवली असतील त्याच नावासाठी वापरते. लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पाहिले, तर जुन्या संगणकासाठी साठवलेले वहिनींचे नाव आणि जुना पासवर्ड तिथे होता. नव्या संगणकाचे नाव तेच असल्यामुळे लॅपटॉप दर वेळी तोच पासवर्ड मुकाट्याने पुढे करी, आणि नव्या संगणकावर त्याच नावाच्या खात्याला तंत्रज्ञाने वेगळा पासवर्ड दिलेला असल्यामुळे नकार मिळे. ती नोंद पुसली, ‘नेट यूज’ने चालू जोडण्या तोडल्या आणि पुन्हा प्रयत्न केला.

आता आलेला संदेश वहिनींना अधिकच कोड्यात टाकणारा होता. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही, अशा अर्थाचा तो होता, आणि घरात तर कोणतीही संस्था नव्हती. याचे कारण पासवर्ड संरक्षण बंद करण्यात होते. ते बंद केले की यजमान संगणक अनोळखी वापरकर्त्याला ‘गेस्ट’ म्हणून आत घेऊ पाहतो. वहिनी लॅपटॉपवर स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने काम करतात, ते खाते खालच्या संगणकाला माहीत नाही, म्हणून त्यांना पाहुण्याचा दर्जा मिळत होता. पण त्यांच्या लॅपटॉपवरही विंडोज ११ प्रो आहे आणि २४एच२ या आवृत्तीपासून प्रोमध्ये पाहुणा म्हणून जोडले जाणे मुळातच बंद ठेवलेले असते. म्हणजे दार अधिक उघडे करण्याच्या प्रयत्नात ते वहिनींसाठी बंदच राहिले होते आणि घरच्या वायफायवर येणाऱ्या एखाद्या जुन्या यंत्राला मात्र मोकळे झाले होते. मे २०१७ मध्ये पसरलेली वॉनाक्राय ही खंडणीखोर प्रणाली याच ४४५ पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होती. तेव्हाचा दोष एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत होता आणि आज ती नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते, हे खरे आहे. परंतु घरातील कोणतेही बाधित यंत्र ज्या सामायिक फोल्डरात लिहू शकते, तिथल्या फाइली ते बिघडवूही शकते, ही गोष्ट त्यामुळे बदललेली नाही. खरेदीखते ज्या फोल्डरात आहेत तिथे ‘एव्हरीवन’ हा शब्द मला पाहवत नव्हता. पासवर्ड संरक्षण मी लगेच पुन्हा चालू केले.

पिनचा खुलासाही इथेच करतो, कारण ही अडचण घरोघरी येते. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. तो त्याच यंत्रावर तपासला जातो आणि नेटवर्कवरून दिला जात नाही. दुसऱ्या संगणकावरून यायचे असेल तर खात्याचा पासवर्डच लागतो. नातवाने काकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड दिला तेव्हा फोल्डर उघडला, तो यामुळेच. मात्र घरातील एकाचे मायक्रोसॉफ्ट खाते इतरांनी वापरावे हे मला मान्य नाही, कारण त्याच पासवर्डाने काकांची ईमेलही उघडते. कोरा पासवर्ड ठेवलेले स्थानिक खातेही चालत नाही. विंडोज अशा खात्याला फक्त त्याच संगणकासमोर बसून प्रवेश देते, नेटवर्कवरून देत नाही.

यानंतर वहिनींच्या स्थानिक खात्याला नवा पासवर्ड ठरवला, लॅपटॉपवर संगणकाचे नाव, खात्याचे नाव आणि तो पासवर्ड दिला. ओळख पटली. आणि तरीही फोल्डरवर टिचकी मारताच प्रवेश नाकारल्याचा संदेश आला. ही त्रुटी ५. इतका वेळ नकार येत होता तो ‘तुम्ही कोण’ या प्रश्नावर, आता तो ‘तुम्हाला इथे हक्क आहे का’ या प्रश्नावर आला होता. संदेशातला हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. तो न कळल्यामुळे लोक पुन्हा पासवर्ड बदलत बसतात.

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन याद्या पार कराव्या लागतात. एक शेअरिंगची यादी, जिच्यात वाचणे, बदलणे आणि पूर्ण ताबा असे तीनच दर्जे असतात. दुसरी एनटीएफएस या फाइलप्रणालीची, सिक्युरिटी टॅबवर दिसणारी, अधिक बारकाव्याची यादी. दोन्हींतून मिळून जो कमी हक्क निघेल तोच लागू होतो. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला पूर्ण ताबा देऊनही काही न बदलण्याचे कारण एवढेच होते की अडथळा दुसऱ्या यादीत होता. ती यादी उघडली आणि प्रकरणाचे मूळ समोर आले. तिथे सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, काकांचे नाव, आणि त्याखाली ‘अकाउंट अननोन’ म्हणून एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकाच्या दोन ओळी होत्या.

हे दोन अनोळखी क्रमांक म्हणजे जुने काका आणि जुन्या वहिनी. विंडोज परवानगीच्या यादीत माणसाचे नाव लिहीतच नाही. ते लिहिते खात्याचा सुरक्षा क्रमांक, ज्याला एसआयडी म्हणतात. त्याचा मधला भाग विंडोज बसवताना त्या संगणकापुरता तयार होतो आणि शेवटचा भाग त्या संगणकावरील खात्याचा अनुक्रमांक असतो. मूळच्या ॲडमिनिस्ट्रेटरचा ५००, गेस्टचा ५०१ आणि आपण उघडलेल्या खात्यांचे १००० पासून पुढचे. जुन्या संगणकावर काही वर्षांपूर्वी कोणीतरी, कागद खासगी आहेत म्हणून, वरच्या ड्राइव्हकडून आपोआप येणाऱ्या परवानग्यांचा वारसा तोडून माणसांपैकी फक्त या दोघांची खाती यादीत ठेवली होती. तो निर्णय त्या वेळी अगदी योग्य होता. पण डिस्क नव्या संगणकात आली तेव्हा याद्या तशाच सोबत आल्या, आणि नव्या संगणकावर त्याच नावांनी उघडलेल्या खात्यांना नवे क्रमांक मिळाले. माणूस तोच, नाव तेच, पण यादीतल्या क्रमांकाशी त्याचा काहीही संबंध उरला नव्हता.

मग काका कसे वाचू शकत होते? ॲडमिनिस्ट्रेटर्स या गटाचा क्रमांक प्रत्येक विंडोजवर एकच असतो, त्यामुळे ती ओळ नव्या संगणकावरही जिवंत होती. काकांचे खाते त्या गटात आहे, पण रोजच्या कामात विंडोज ते अधिकार झाकून ठेवते. म्हणून पहिल्यांदा फोल्डर उघडताना त्यांना ‘कंटिन्यू’ असे बटण असलेली चौकट दिसली होती. ते बटण दाबले की त्या वेळेपुरता प्रवेश मिळतो असे वाटते. प्रत्यक्षात चालू खाते फोल्डरच्या यादीत कायमचे, वाचण्याच्या हक्कासह, लिहिले जाते. काकांचे नाव यादीत आले ते असे. म्हणून त्यांना वाचता येई आणि लिहिताना अनुमती मागितली जाई. नातवाने वरून काकांच्या खात्याने प्रवेश केला तेव्हाही वाचता आले आणि जतन करता आले नाही, कारण नेटवर्कवरून येणाऱ्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचे जादा अधिकार विंडोज काढून घेते. ‘मृत्युपत्र’ आणि ‘बँक’ या उपफोल्डरांचा वारसा स्वतंत्रपणे तोडलेला होता आणि काकांनी ते नव्या संगणकावर उघडलेच नव्हते, म्हणून तिथे त्यांचे नावही पोहोचले नव्हते. सुरुवातीला विसंगत वाटलेले प्रत्येक लक्षण या एका यादीतून उलगडले आणि मला मनापासून समाधान वाटले.

दुरुस्तीत मी व्यक्तींची नावे यादीत लिहिण्याचे टाळले. ‘नेट लोकलग्रुप’ आज्ञेने ‘कुटुंब’ नावाचा गट तयार केला आणि त्यात काका व वहिनी यांची खाती घातली. उद्या कोणी वाढले तर गटाचे सदस्य बदलायचे, हजारो फाइलींच्या याद्या नाही. मालक म्हणूनही जुनाच क्रमांक दिसत होता, तो ॲडमिनिस्ट्रेटर्सकडे घेतला. मुख्य फोल्डरवर सिस्टिम व ॲडमिनिस्ट्रेटर्स यांना पूर्ण ताबा आणि ‘कुटुंब’ला मॉडिफाय, म्हणजे वाचणे, लिहिणे व पुसणे एवढाच हक्क द्यायचा, आणि आतील सर्व फाइलींनी तोच वारसा घ्यायचा, अशी योजना होती.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. वारसा पूर्ववत करणारी ‘आयकॅकल्स’ची ‘रीसेट’ आज्ञा मी फक्त आतील गोष्टींवर चालवायला हवी होती. ती मी मुख्य फोल्डरसकट चालवली. त्यामुळे मुख्य फोल्डरने डी ड्राइव्हचा वारसा घेतला, आणि त्या ड्राइव्हवर ओळख पटलेल्या प्रत्येक वापरकर्त्याला बदल करण्याचा हक्क होता. वरवर सगळे उत्तम चालू लागले. नातवासाठी उघडलेल्या, ‘कुटुंब’ गटात नसलेल्या खात्याने मी मुद्दाम प्रवेश करून पाहिला आणि ‘मृत्युपत्र’ सरळ उघडले, तेव्हा चूक लक्षात आली. ज्याला प्रवेश हवा त्याला तो मिळतो, एवढेच तपासून थांबलो असतो, तर ही स्थिती तशीच राहिली असती. मुख्य फोल्डरवर वारसा पुन्हा तोडला, ठरलेल्या तीन ओळी लिहिल्या, रीसेट या वेळी फक्त आतील भागावर चालवली आणि ‘मृत्युपत्र’ व ‘बँक’ यांना काका-काकूंपुरती वेगळी यादी दिली. काकूंचे या संगणकावर खाते नव्हते; काकांनी आग्रहाने ते त्याच दिवशी उघडायला लावले.

शेअरिंगच्या यादीतून ‘एव्हरीवन’ काढला. तिथे ‘कुटुंब’ व काकू यांना पूर्ण ताब्याऐवजी ‘चेंज’ हा मधला दर्जा दिला. यामागे विचार होता. फाइल जो तयार करतो तो तिचा मालक होतो, आणि मालकाला एनटीएफएसमध्ये परवानग्या बदलण्याचा हक्क आपोआप असतो. शेअरिंगचा दर्जा ‘चेंज’ असेल तर नेटवर्कवरून हा हक्क वापरता येत नाही, आणि नकळत एखाद्या फाइलची यादी बिघडण्याची शक्यता मावळते. नातवाला फक्त वाचण्यापुरता प्रवेश, तोही पत्रव्यवहाराच्या उपफोल्डरचा स्वतंत्र शेअर करून दिला, कारण मोडी शिकण्यासाठी त्याला तेवढेच हवे होते.

यानंतर अर्धा तास वहिनींना पुन्हा नकारच येत राहिला. यादी बरोबर होती, गट बरोबर होता. कारण असे की कोण कोणत्या गटात आहे हे विंडोज प्रवेशाच्या क्षणी ठरवते आणि ती जोडणी टिकेपर्यंत तेच धरून चालते. वहिनींची जोडणी गट तयार होण्याआधीची होती. खालच्या संगणकावर शेअर्ड फोल्डर्समधील ‘सेशन्स’ या यादीत ती दिसत होती. ती तोडली, लॅपटॉपवर पुन्हा जोडणी केली आणि फोल्डर उघडला. काकांनीही साइन आउट करून पुन्हा प्रवेश केल्यावर अनुमती मागणारी चौकट बंद झाली. वहिनींनी एक फाइल उघडली, नाव बदलले, नवी चाचणी फाइल जतन केली आणि पुसली. पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये दिसेना, तेव्हा त्या दचकल्या. नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथे जात नाही, ती थेट जाते, हे त्यांना सांगितले आणि दर रविवारी यूएसबी डिस्कवर प्रत घेण्याचे काम काकांनी आपल्याकडे घेतले.

आठवडाभराने वहिनींचा फोन आला. जुने सगळे उघडत होते, पण त्या आठवड्यात स्कॅन केलेली पाने दिसत असूनही उघडत नव्हती. स्कॅनरचा प्रोग्राम प्रत्येक पान आधी डी ड्राइव्हवरच्या काकांच्या खासगी फोल्डरात ठेवतो आणि क्रमांक देऊन झाल्यावर ‘घरचे कागद’मध्ये हलवतो. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपली मूळ परवानगी यादी सोबत नेते. नव्या ठिकाणचा वारसा तिला मिळतो तो प्रत केल्यावर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरून आणल्यावर. म्हणजे ही पाने सामायिक फोल्डरात येऊनही खासगीच राहिली होती. काकांना फोनवरून सांगून त्या पानांवर रीसेट चालवली आणि स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये तात्पुरत्या जागेसाठी ‘घरचे कागद’च्या आतलाच ‘नवीन’ हा उपफोल्डर निवडला. त्या संध्याकाळी काकांनी १९३० च्या दशकातील एका फेरफाराची दोन पाने स्कॅन केली, आणि वहिनींनी ती वरच्या मजल्यावर उघडून सूचीत नोंदवल्याचा निरोप मला पाठवला.